गजाच्या फेफऱ्याचा जबाब

"मामंजी, लिव्हायचं तुमाला नाय. मास्तर लिव्हंल. तुमी निस्तं सांगायचं आन अंगठा द्यायचा."

गौराबाई खळ्याच्या कडेला उभी राहून तिसऱ्यांदा हेच सांगत होती आणि तिचा चुलतसासरा चांगो भाताचा भारा फळीवर आपटत होता. तिनं तोंड उघडलं की भारा जोरात पडायचा. म्हातारा मुद्दाम करत होता. सगळ्या कडाव गावात त्याच्याइतका आडमुठा माणूस शोधून सापडला नसता.

पण अडलं होतं त्याच्याचपाशी. पासष्टच्या लढाईत गौराबाईच्या नवऱ्याच्या, गजाच्या, डोक्यात तोफगोळ्याची कपची घुसली. डॉक्टरांनी ती काढली, पण तेव्हापासून त्याला फेफरं यायला लागलं आणि फौजेनं त्याला घरी धाडलं. पेन्शन मंजूर झाली असती तर फौजेच्या दवाखान्यातून गोळ्याही फुकट मिळाल्या असत्या. गोळ्या घेतल्या तर तो पडायचा थांबेल, असं डॉक्टर म्हणाला होता. त्यासाठी जबाब हवा होता, तोही गजाला लहानपणापासून बघितलेल्या घरच्या माणसाचा. भरती व्हायच्या आधी हा धडधाकट होता, असं त्यानं सांगायचं. गजाचे आईबाप केव्हाच गेले होते. राहिला होता एकटा चांगो.

"फेफरं म्हनू नगंस," चांगोनं भारा खाली टाकला. "देव येतो त्येच्या अंगात. मी अंगठा देऊन देवाला रोग ठरवू? हात झडंल माझा."

 हा देव गौराबाईनंच आणला होता.

दोन वर्षांमागं होळीच्या माळावर गजा पहिल्यांदा गावासमोर पडला. कुणीतरी पायातली वहाण काढून त्याच्या नाकाकडं नेली. फेफऱ्याला इकडं तोच उपाय. लढाई करून आलेल्या माणसाच्या तोंडाला गावानं वहाण लावायची? गौराबाईला ते बघवेना. "लांब व्हा! देव आलाय!" ती ओरडली. वहाण जागच्या जागी थांबली आणि माणसांनी हात जोडले. तेव्हापासून दर पुनवेला गजाच्या अंगणात नारळ घेऊन माणसं यायला लागली. आदल्या दिवसापासून त्याला उपाशी ठेवायचे, झोपू द्यायचे नाहीत, आणि पडेपर्यंत कानाशी ढोल बडवायचे. देव काय बोलला ते चांगो सांगायचा. ज्याला आजवर पारावर कुणी सरकून जागा दिली नव्हती, त्याच्या आता गाव पाया पडत होतं.

"मामंजी, वहाण लागू नये म्हून खोटं बोलले मी. देव नाय तो."

"खोटं? माझी हरवलेली म्हस पळसदरीच्या रानात घावली ती कुनी सांगितली मंग?"

गौराबाईनं त्याचे पाय धरले. किती वेळ सोडलेच नाहीत. शेवटी म्हातारा म्हणाला, "ऊठ. जे खरं हाय ते सांगन."

दुसऱ्या दिवशी शाळेत वाल्मिक मास्तरांनी कागद पुढं ओढला. सुरुवात तर छान झाली.

"लिव्हा मास्तर. गजा लहानपनी वाघासारखा व्हता. सोळाव्या वर्साला एकला नांगर धरायचा." गौराबाईचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात चांगो छाती काढून म्हणाला, "आन देव आमच्या घरान्यात पयल्यापासनं हाय. त्येचा बाप नवशा, त्येच्या बी अंगात यायचा. असाच पडायचा, असाच फेस."

मास्तरांचा टाक थांबला. "तात्या, हे लिहिलं तर सरकार म्हणेल, दुखणं बापाकडनं आलं. लढाईचा काय संबंध?"

"दुखनं कोन म्हनतंय?"

"खोटं हाय!" गौराबाई ओरडली. "माझा सासरा कंदी पडला नाय!"

चांगोनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "ही लगीन होऊन आली तवा नवशाला मरून चार वर्सं झालेली. हिला काय म्हाईत? लिव्हा मास्तर, नायतर अंगठा नाय."

कागद धाडायची मुदत दोन दिवसांवर आली होती. मास्तरांनी गौराबाईकडं पाहिलं. तिनं डोळे पुसले. "लिव्हा. वरचं तरी खरं हाय ना. सायेब त्ये बघंल."

साहेबानं खालचं बघितलं. चैत्रात उत्तर आलं, ते मास्तरांनी वाचून दाखवलं: आजार आनुवंशिक, नोकरीशी संबंध नाही, अर्ज नामंजूर.

"आनुवंशिक म्हंजी?"

"बापाकडून आलेला," मास्तर खाली बघत म्हणाले.

दिवस मावळायच्या आत गावभर झालं. गौराबाईला बरं वाटावं असं एक अक्षर कुणी बोललं नाही. उलट चांगोनं चार माणसं बसवून ठरवलं, की हिनं सरकारदरबारी देवाला रोग म्हटलं, म्हणून देवानंच अर्ज मोडला. आता पुनवेला सगळ्यांसमोर हिनं देवाची माफी मागायची.

पुनवेच्या सकाळी दोन वाजंत्री आधीच दारात ढोल तापवत बसले. गजाचे डोळे जागरणानं लाल झाले होते. "गौरे, आज नगं गं," तो हळूच म्हणाला. "डोकं फुटतंय माझं."

ती काय करणार होती? दार अडवून माणसं उभी होती.

दुपारी तो पडला. या खेपेला टाचा घासताना त्याची जीभ दातांखाली आली आणि फेसाबरोबर रक्त हनुवटीवर उतरलं. गौराबाईनं कपाळ टेकलं, सांगितलं तसं म्हटलं, "देवा, चुकले. पदरात घे." मग पुढं सरकून पदराचं टोक त्याच्या तोंडाकडं नेलं.

चांगोनं तिचं मनगट धरलं. "शिवू नगंस. देव अजून गेला नाय."

आणि नवऱ्याच्या तोंडातलं रक्त मातीत ठिबकताना बघत, हात जोडून, गौराबाई देव जायची वाट बघत बसली.