हायड्रोजन नसल्याचा शोध

२००४ साली आर्वीचे कापूस व्यापारी महादेवराव बायको सुलोचनाबाई आणि मुलासह पिपरी मेघेच्या इलाला पाहायला आले. मुलगा पियुष तिला आवडला होता. लग्नानंतर पुण्यात राहून पीएचडी पुरी करू देणार असतील, तरच ती होकार देणार होती.

"तिकडं काय करून राह्यली पोरी?" महादेवरावांनी पोहे खाताखाता विचारलं.

"रेडिओ दुर्बिणीनं दीर्घिकांमधला हायड्रोजन वायू मोजते. दाट समूहातल्या दीर्घिकांत तो जवळपास सापडतच नाही."

"सापडत नाई? मंग पास कशी होशील?"

"नाही, हाच तर शोध आहे. समूहात शिरताना दीर्घिकेतला वायू ओरबाडला जातो. मग तिच्यात नवे तारे जन्मत नाहीत."

सुलोचनाबाई नवऱ्याकडे वळल्या. "याले दुर्बीण कायले पायजे जी? मी लगनाआधी पेटी वाजवत होती. मंग तुमच्या एकोणीस माणसांत आली."

महादेवराव मोठ्यानं हसले. "पीएचडीले आमची ना नाई. पण पुणं कायले? आपली गच्ची मोठी आहे, तिथंच लावजो दुर्बीण."

पियुषनं वडिलांकडे पाहून मान डोलावली.

"नकार काय म्हणून कळवू?" दुसऱ्या दिवशी इलाच्या वडिलांनी विचारलं.

"पत्रिका जुळत नाही म्हणा," इला म्हणाली. "ग्रहताऱ्यांचं तरी माझं ऐकतील ते."