शहरात दिलेली मुलगी

पुतळीचं लग्न ठरलं तेव्हा गागोद्याच्या बाजूच्या त्यांच्या वाडीत एकच बोलणं होतं, की दाजींनी पोरगी शहरात दिली. दाजी म्हणजे पुतळीचे वडील. भात आणि मागून वाल पिकवणारा साधा माणूस; पण त्या दिवसांत तेही जरा ताठ मानेनं चालत होते. स्थळ आणलं होतं पोपटमामांनी. "खेडं नाय ते," मामा सांगायचे. "मुलगा आंबेखार नगरपालिकेच्या हद्दीत राहतो. कंपनीत शिफ्टला जातो. आणखी काय पायजे?"

पुतळीला फार काही नको होतं. घरात नळ असावा आणि पायाखाली डांबर असावं, एवढंच तिच्या मनात होतं.

लग्न लागलं आणि वऱ्हाडाचा टेम्पो निघाला. पेण मागे पडलं, गडब गेलं, मग हायवे सोडून गाडी आंबेखारकडे वळली. बाजारपेठ आली, कपड्यांची दुकानं आली. त्यापुढे चार चार मजली नव्या इमारती लागल्या. गॅलरीत कपडे वाळत होते, खाली किराणा होता, दवाखाना होता. पुतळीनं पदर सावरला. आता उतरायचं, असं तिला वाटलं. पण टेम्पो थांबला नाही. इमारती संपल्या, डांबर संपलं, दोन्ही बाजूंना खाऱ्या पाण्याची डबकी दिसू लागली, आणि तिथे एका खांबावर पाटी होती: आंबेखार नगरपालिका आपले स्वागत करते. शहर मागे राहिलं होतं आणि शहराची पाटी आता आली होती. तिच्यापुढे खाडीचा बांध, शेतं, मिठागरं आणि बांधाच्या आडोशाला वीस-पंचवीस कौलारू घरं. ती धाकटी खारवाडी. तिचं सासर.

पहिले काही दिवस गेले. मग एकदा जेवण वाढताना तिनं नवऱ्याला, रघूला, विचारलंच, "अवो, शहर कुठं हाय?"

"हेच की," रघू म्हणाला. "पाटी नाय बघितलीस?"

तो थट्टा करत नव्हता, तेच तिला जास्त लागलं.

सासू धोंडुबाईकडून तिला हळूहळू सगळं कळलं. दोन वर्षांमागे पालिकेची हद्द वाढली. सरकारी पैसा जास्त मिळावा म्हणून पालिकेला वरचा वर्ग मिळवायचा होता आणि त्याला लागणाऱ्या लोकसंख्येत माणसं कमी पडत होती. खरं तर माणसं त्या नव्या इमारतींत होती. पण त्यांना पालिकेची घरपट्टी नको होती. त्यांनी हरकती घेतल्या, कुठेकुठे शब्द टाकले आणि ते ग्रामपंचायतीतच राहिले. मग हद्दीची रेघ त्यांना वळसा घालून खाली खाडीपर्यंत आली आणि खारपट्टीच्या साऱ्या वाड्या शहरात गेल्या. त्यांची कुणाचीच हरकत नव्हती.

"उलट गुलाल उधळला आमी," धोंडुबाई म्हणाली. "तुझा नवरा तर ढोल गळ्यात घालून पार बाजारात नाचत गेला. आता नळ येनार म्हनून."

म्हणजे रघू खोटं बोलला नव्हता. त्याचा विश्वास होता, आणि अजूनही होता. पुतळीला त्याच्यावर धड चिडताही येईना.

फाल्गुन लागला तसं विहिरीचं पाणी मचूळ झालं आणि चैत्रात तोंडात धरवेना. पूर्वी या दिवसांत तालुक्याचा टँकर वाडीवर यायचा. हद्दवाढ झाल्यापासून तो बंद झाला होता. बायका तासभर चालून हायवेपलीकडच्या बोअरिंगला जात. पुतळीला तोवर दिवस गेले होते. एक दिवस वाटेत तिला चक्कर आली, हंडा पडला, सगळं पाणी मातीत गेलं. ती तिथेच बसून रडली आणि मग उठून बरोबरच्या बायांना म्हणाली, "चला गो, कचेरीत जाऊ."

पालिकेचे साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितलं, चहा मागवला.

"टँकर तालुक्याचा असतो बाई, तो खेड्यांना मिळतो," ते म्हणाले. "तुम्ही आता शहरात आहात."

"शहरात हाय तर नळ कुठं हाय?" पुतळीनं विचारलं.

"प्रस्ताव गेलाय वर. एकदम केवढं वाढलं शहर, बघा ना." त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं. गुलाबी रंगाचं एक मोठं शहर खाडीपर्यंत पसरलं होतं. कुणी परका बघता तर त्याला वाटलं असतं, काय दांडगं गाव आहे हे!

"यात आमी किती?"

साहेबांनी नकाशाकडे पाहिलं. "खारपट्टी निम्म्याहून जास्तच आहे."

"मग अर्धं शहर आमीच की वो. आनि पानी प्यायचं आमालाच नाय?"

चहा आला, बाया तशाच उठल्या.

येताना त्या इमारतींपाशी आल्या आणि थबकल्या. खाली टँकर उभा होता. तालुक्याचाच. इमारती पंचायतीत म्हणजे कागदोपत्री खेडं, म्हणून वाडीवर येणारा टँकर आता इथे येत होता. मोटार लावून पाणी वरच्या टाक्यांत चढत होतं. बायांनी हंडे पुढे केले तसा वॉचमन धावून आला. "ए, तुमच्यासाठी नाय हे. हे गावाचं पानी हाय. तुमी पालिकेवाले."

पुतळीच्या अंगात काय आलं तिलाच कळलं नाही. ती जाऊन टँकरच्या पुढच्या चाकाला टेकून बसली. "आमाला भरू द्या, मग गाडी हलवा." बाकीच्या बायाही बसल्या. ड्रायव्हर ओरडला, गॅलऱ्यांत माणसं जमली. कुणी म्हणालं पोलिसांना बोलवा, कुणी म्हणालं दोन हंडे द्या आणि घालवा.

तेवढ्यात शिफ्ट सुटून रघू सायकलवरून आला. तिला बघून तो खाली उतरला. पुतळीला धीर आला. तिला वाटलं, आता हा शेजारी येऊन बसेल.

"ऊठ," तो हलक्या आवाजात म्हणाला. "लोक बघतात."

"बघू देत."

"पुतळे, ऊठ. नळ येनार हाय आपल्याला. असं भिकाऱ्यासारखं नको." त्यानं तिचा रिकामा हंडा उचलला, सायकलच्या दांड्याला अडकवला आणि मागे न बघता चालू लागला. त्याचे कान लाल झाले होते. एकेक करून बायाही उठल्या. शेवटी ती एकटी कुठवर बसणार?

बाळंतपणाला ती माहेरी गेली. मुलगी झाली. बारशाला रघू आला, तेव्हा बराच वेळ तो दाजींच्या अंगणातल्या विहिरीच्या काठावर नुसता बसला होता. मग त्यानं सांगितलं, की वाडीतले सगळे मिळून अलिबागला जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन आले. आम्हाला परत खेडं करा, असा अर्ज दिला. तिथे कळलं, आता ते होणं कठीण. खारपट्टी काढली तर माणसं कमी भरतात आणि शहराचा वर्ग जातो.

"तुजं बरोबर होतं तवा," तो म्हणाला. "मी बसायला पायजे होतं."

पावसाळा होता, वाडीच्या विहिरीला गोडं पाणी होतं, म्हणून पुतळी त्याच्याबरोबर परत गेली. पण जाताना तिनं सांगून ठेवलं, की फाल्गुनात ती पोरीला घेऊन माहेरी येणार आणि पाऊस पडेपर्यंत राहणार.

आणि तसंच झालं. पहिल्या वर्षी वाडीत नावं ठेवली गेली. नंतर दुसऱ्या सुनाही उन्हाळ्यात माहेरची वाट धरू लागल्या. पुरुष कंपनीतून येऊन आपल्या हातानं भात शिजवायचे. रघू रविवारी एस्टीनं येऊन पोरीला बघून जायचा. संसार चालला होता, पण वर्षाकाठी मधेच तुटायचा. दाजींना आता कुणी लेकीचं सासर विचारलं, तर ते फक्त आंबेखार म्हणत, शहर म्हणत नसत.

नळाचे पाईप आले ते पोर चुरूचुरू बोलायला लागल्यावर, आणि बाजाराच्या वरच्या अंगाला उतरून पडले; खाली खारपट्टीकडे एकही आला नाही.

त्या फाल्गुनात निघताना पुतळीनं धोंडुबाईकडे बघितलं. म्हातारीच्या पायांना सूज होती. आता ती बोअरिंगपर्यंत जाऊ शकत नव्हती. रघू शिफ्टवरून येताना कॅनमध्ये आणेल तेवढंच पाणी.

"आई, तुमी पन चला या वर्षी," पुतळी म्हणाली. "विहीर हाय आमची दारात."

धोंडुबाई हसली. "माजं माहेर पलीकडच्याच वाडीत गो. तेबी शहरातच गेलं. आनि तुज्या बापाच्या दारात किती दिस बसू मी? तू जा."

पुतळीनं पाण्याचा कॅन म्हातारीच्या हाताशी सरकवला आणि पोरीला कडेवर घेतलं. मग एस्टीची वेळ झाली, म्हणून ती निघाली.