शेवटच्या होडीचा दोर

आमच्या नौका-क्लबच्या वार्षिक शर्यतीत चषक पहिल्या होडीला मिळतो, पण मान असतो तो शेवटच्या होडीचा. तिचा दोर क्लबातल्या सर्वांत जुन्या सभासदाने हातात घ्यायचा, आणि तोवर आधी पोहोचलेल्यांपैकी कुणीही आपलं शीड उतरवायचं नाही. ही प्रथा कशी पडली यावर मी क्लबच्या इतिहासात एक लांबलचक प्रकरण लिहिलं आहे. ते बरोबर असेलच, असं मात्र छातीठोकपणे सांगता येणार नाही.

यंदा दोर घ्यायचा मान माझा होता, आणि शेवटची होडी माझ्या लेकीची.

दुपारी वारा एकाएकी फिरला आणि जमिनीवरून समुद्राकडे जोरात वाहू लागला. एकेक होडी नागमोडी वळणं घेत, रडतखडत धक्क्याला लागली. लेकीची दिसेना. शोधायला गेलेली मोटरबोटही हात हलवत परतली. शेजारी उभी असलेली बायको टाचा उंचावून क्षितिज न्याहाळत होती.

"आली!" ती एकदम ओरडली.

आली खरी. दुर्बीण लावून बसलेला माझा जुना मित्र, डॉक्टर, मात्र हसला नाही.

"प्रोफेसर, शीड बघ. वारा आपल्या पाठीवर, आणि ही समोरून शीड फुगवून सरळ येतेय. कसं शक्य आहे?"

मी पाहिलं. शीड आमच्या दिशेने फुगलं होतं. माझा चष्मा, माझं वय, माझी धडधड, सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

"दोर घेऊ नकोस," डॉक्टर हळूच म्हणाला. "जरा थांब."

"तुमचं शास्त्र घाला चुलीत, भावजी!" बायको कडाडली. "अहो, बघत काय राहिलात? पोर आलीय!"

"बाबा, झोपलात का?" होडीतून लेक हसली. "धरा की!"

मी दोर धरला. टाळ्या पडल्या, एकेक शीड खाली आलं. लेकीने धक्क्यावर उडी मारून मला मिठी मारली. ती कोमट होती, खारट होती, माझीच होती. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

ती कुडकुडत होती, म्हणून मी माझी शाल तिच्या खांद्यांवर टाकली. सगळ्यांचे कपडे समुद्राकडे फडफडत होते. शाल मात्र उलट, किनाऱ्याकडे फडफडली. डॉक्टरने पाहायच्या आत मी शालीची दोन्ही टोकं मुठीत आवळली, आणि घर येईपर्यंत सोडली नाहीत.