उताऱ्यातली वाट

"पौर्णिमेच्या दिवशी समुद्राला मोठी भरती येते," दीक्षाने ओळीखाली बोट धरून वाचले. आवाज खणखणीत. चौथीत एवढे न अडखळता वाचणारे दुसरे कोणी नव्हते.

"मोठी भरती कधी येते?" हर्षदाने उताऱ्याखालचा पहिला प्रश्न विचारला.

"पौर्णिमेला."

"बरोबर. आणि भरती म्हणजे काय?"

हा प्रश्न पुस्तकात नव्हता. तरी दीक्षाने विचार करायला वेळ घेतला नाही. "पोलीस भरती, बाई. आमचा चुलता रोज सकाळी पळायला जातो."

वर्गात कोणी हसले नाही. हसण्यासारखे काही घडले आहे, हेच कोणाला कळले नव्हते. शेजारच्या ज्ञानेशने तर मान डोलावली. त्याचाही मोठा भाऊ भरतीसाठी गोळा फेकत होता.

हर्षदा पुस्तक मिटून खुर्चीवर बसली. मागच्या महिन्याच्या चाचणीत याच उताऱ्यावर दीक्षाला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. उत्तरे सगळी बरोबर होती. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या पुढचा शब्द उचलायचा आणि लिहायचा, ही युक्ती पोरांना चांगली साधली होती. ती युक्ती आपणच शिकवली, हेही तिला ठाऊक होते.

खालच्या माळवाडीची ती शाळा म्हणजे कवठे येमाईच्या पुढे, माळावर एक खोली. पहिली ते चौथीची पोरे त्या एकाच खोलीत आणि समोर हर्षदा एकटी. ती शिरूरला राहायची, तिथून रोज स्कूटीवर यायची. नवरा रविराज कंपनीत पाळीवर. दोघांच्या वेळा जुळल्या तर रात्रीचे जेवण एकत्र व्हायचे.

दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक उघडलेच नाही. फळ्यावर स्वतःच उतारा लिहिला.

"पहाटे रखमाजी आबा उठले. कुत्रे भुंकत नव्हते. आबांनी आधी काठी घेतली. मग चपला घातल्या."

"आबा घाबरले होते का?" तिने विचारले.

पोरे फळ्यावर 'घाबरले' शब्द शोधू लागली. तो सापडेना. ज्ञानेश म्हणाला, "बाई, तुमी लिहायला इसरला."

"नाही विसरले. जे लिहिलंय त्यावरून सांगा."

 दीक्षा हळूहळू उभी राहिली. "घाबरले व्हते. कुत्रं गप हाय म्हंजी बिबट्या आलाय. आन् माणूस आधी चपला घालतो. आबांनी आधी काठी घेतली."

 हर्षदाने खडू तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "लिही. हेच लिही."

त्यानंतर रोज एक उतारा फळ्यावर येऊ लागला. कधी मेंढरांची लोकर कातरण्याचा, कधी विहिरीवरच्या जळालेल्या मोटरीचा, कधी शिरूरच्या बाजारात कांदा घेऊन गेलेल्या तात्याबांचा. उत्तरावरून पोरे भांडू लागली. "उताऱ्यात कुठंय ते दाव" असे एकमेकांना दरडावू लागली. हर्षदाला वाटले, नोकरीला लागल्यापासून आपण पहिल्यांदाच वाचायला शिकवतो आहोत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर धनगर वस्तीवरची पोरे उशिरा येऊ लागली. त्यांच्या पोटऱ्यांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे असत. वस्तीपासून शाळेपर्यंत जुनी पाणंद होती, बैलगाडी जाईल एवढी रुंद. सुट्टीत ती नांगरली गेली होती. तिच्यात ऊस लावून दोन्ही तोंडांना तारेचे कुंपण घातले होते. दोन्ही बाजूंची जमीन आनंदरावांची होती. गाव त्यांना आप्पा म्हणत असे. ते मागे सरपंच होते, आणि शाळेचे पंखे, पाण्याची टाकी, फळा हे सगळे त्यांच्याच पदरचे होते.

एका दुपारी शाळा सुटल्यावर हर्षदा पोरांबरोबर चालत निघाली. ओढ्याकडून मोठा वळसा पडत होता. पुढे दीक्षाची आजी अनसाबाई, एका हातात काठी, दुसऱ्या हातात तेलाचा रिकामा डबा. डबा वाजवत ती चालत होती. दोन्हीकडे डोक्यापेक्षा उंच ऊस. मागे पोरे गळा फाडून सतराचा पाढा म्हणत होती.

"मागल्या अमावशेला इथनंच शेरडी नेली बिबट्यानं," अनसाबाई म्हणाली. "आमी जुनी माणसं. त्या जनावराचं भ्या वाटत न्हाई. पर ही पोरं लहान हायेत, बाई. वाकली की शेरडाएवढीच दिसत्यात."

"आप्पांना कोणी सांगितलं नाही?"

"सांगितलं की. म्हनले, पाणंद सरकारी कागदावर हाय का बघा. आता बघा. त्यांच्या बापाच्या येळेला आमची मेंढरं त्याच पाणंदीनं त्यांच्या रानात बसाया जायची. खतासाठी बोलवायला बाप सोता यायचा. तवा कुनी कागद मागितला न्हाई."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर उतारा आला.

"आमच्या वस्तीवरून शाळेत यायला एक पाणंद होती. तिच्यावरून बैलगाड्या जात, मेंढरे जात, मुले जात. दिवाळीत ही वाट बंद झाली. आता तिथे ऊस आहे. मुले ओढ्याकडून शाळेत येतात. येताना ती मोठमोठ्याने पाढे म्हणतात."

खाली प्रश्न होता, मुले पाढे का म्हणतात?

"बिबट्याला आवाज जावा म्हणून," सगळ्यांनी एका सुरात सांगितले. त्यात अवघड काहीच नव्हते. पण दीक्षा अजून फळ्याकडेच बघत होती.

"बाई, तुमचं एक वाक्य चुकलंय."

"कोणतं?"

"वाट बंद झाली न्हाई. वाट बंद केली."

"का? 'झाली' चुकीचं आहे का?"

"पाऊस झाला, सकाळ झाली, तसं वाट बंद झाली न्हाई ना. पाऊस कुनी करत न्हाई. ही कुनीतरी केली." तिने फळ्याकडे बोट केले. "कुनी ते तुमी लिवलं न्हाई."

हर्षदाच्या मनात आले, नाव न लिहिण्याची काळजी आपण जाणूनबुजून घेतली होती. आपण भ्यायलो होतो आणि ते या पोरीने बरोबर वाचले. तिने डस्टर उचलले, 'झाली' पुसले आणि 'केली' लिहिले. पोरांनी उतारा वह्यांत उतरवून घेतला आणि त्या वह्या घरोघरी गेल्या. फळ्यावर तो तिने तसाच ठेवला, रोजचा नवा उतारा उरलेल्या जागेत लिहू लागली.

दोन दिवसांनी आप्पा शाळेत आले. पांढरा सदरा, हातात गाडीची चावी. पोरांनी उठून नमस्कार केला. त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितले आणि फळ्यासमोर उभे राहून उतारा सावकाश वाचला.

"अक्षर चांगलं हाय तुमचं, बाई."

"धन्यवाद, आप्पा."

"पर पोरांच्या डोक्यात राजकारण नको. म्या काय लई सांगत न्हाई. तेवढा उतारा पुसा. पुस्तकात हायेत की मोप उतारे."

"पुस्तकातल्या उताऱ्यांचा अर्थ पोरांना लागत नाही. याचा लागतो."

आप्पांनी वर बघितले. पंखा फिरत होता. "ह्यो पंखा कुनी दिला, ते म्हाईत हाय ना तुमाला?"

"माहीत आहे. त्याचाही उतारा लिहीन मी. खरंच लिहीन. उन्हाळ्यात पोरं झोपायची, आता जागी असतात, ते तुमच्यामुळं. पण हा पुसणार नाही."

 आप्पा आवाज चढवणारे नव्हते. "बघा बुवा," एवढेच म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी रविराजला तिने हे सांगितले. तो भाकरी मोडता मोडता थांबला. "तुला काय गरज होती? ते गावचे, आपण बाहेरचे. उद्या लांब कुठंतरी टाकतील."

"टाकू देत."

"असं म्हणायला सोपं असतं."

"सोपं नाहीये," हर्षदा म्हणाली. "भीती वाटतेय मला. पण पुसलं तर उद्या त्या पोरीला वाचायला काय सांगू?"

तिकडे वस्तीवर दीक्षाने तो उतारा आजीला वाचून दाखवला होता. अनसाबाईला अक्षर येत नव्हते. तिने तो पुन्हा वाचायला लावला, आणि तिसऱ्यांदाही. मग म्हणाली, "केली म्हनतीय व्हय तुजी बाई. बरं."

सोमवारी सकाळी तिने डबा घरीच ठेवला. पोरांना मागे घेतले आणि ओढ्याकडे न वळता सरळ पाणंदीच्या तोंडाशी गेली. काठीने तार दाबून धरली. एकेक पोर पलीकडे गेले. मग ती स्वतः लुगडे सावरत पलीकडे गेली आणि जिथून पाणंद जात होती त्या रेषेत उसातून चालू लागली. ऊस अजून कोवळा, गुडघ्याएवढा होता. मोटर चालू करायला आलेल्या आप्पांना ती बांधावरून दिसली.

"अनसाबाई, पीक तुडवताय तुमी माजं."

"आमी वाटंनं चाललोय, आप्पा. तुमचं पीक वाटंत आलंय."

"पोलिसात जाईन म्या."

"जावा की. शिरूरला येष्टी जाती. म्या बी येते संगं."

ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी वस्तीवरच्या आणखी बाया तिच्याबरोबर होत्या. तिसऱ्या दिवशी मेंढरेही होती. आप्पांनी तार दुहेरी केली. बायांनी ती उचलून बांधावर नीट गुंडाळून ठेवली, तोडली नाही. उसाच्या मधोमध पायवाटेची रेघ उमटू लागली.

मग शिक्षण खात्याचे साहेब आले. तालुक्याहून आले, आप्पांच्या गाडीतून उतरले. त्यांनी पोरांच्या वह्या मागितल्या आणि चाळता चाळता दीक्षाच्या वहीपाशी थांबले.

"हे 'केली' कुणी लिहायला सांगितलं तुला?"

"कुनी न्हाई."

"बाईंनी?"

"बाईंनी 'झाली' लिवलं व्हतं. म्या सांगितलं चूक हाय."

"तुला कसं कळलं?"

दीक्षाला या प्रश्नाचे नवल वाटले. "म्या रोज चालते ना, साहेब."

साहेबांनी वही मिटली. हर्षदाला बाहेर व्हरांड्यात नेले. माणूस वाईट नव्हता. घाम पुसत म्हणाला, "मॅडम, खरं सांगू, एवढं समजून वाचणारी चौथी मी या भागात बघितली नाही. पण तक्रार आलीय. तुम्ही एक ओळ लिहून द्या. यापुढे नेमलेलेच उतारे घेईन, झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे. मी विषय इथंच मिटवतो."

"नेमलेले उतारे घेते. ते घ्यायलाच हवेत," हर्षदा म्हणाली. "पण दिलगीर कशाबद्दल ते मला कळत नाही. उताऱ्यात काही खोटं असेल तर दाखवा. आत्ता पुसते."

साहेबांनी खिडकीतून फळ्याकडे नजर टाकली. खोटे काही सापडेना. "हट्ट करताय," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

आदेश पंधरवड्याच्या आत आला. दौंड तालुक्यात भांडगावच्या एका वस्तीशाळेत शिक्षक कमी आहेत, तरी तात्पुरत्या कामगिरीवर तिकडे हजर व्हावे. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून पुढे. रविराजने आदेश वाचला. 'मी सांगितलं होतं' असे तो म्हणाला नाही. सकाळी स्कूटीचे टायर तेवढे बदलून आणले.

शेवटच्या दिवशी नवे गुरुजी हजर व्हायला आले होते. आप्पांनीच निरोपाचा नारळ आणला. सगळ्यांसमोर त्यांनी तो हर्षदाच्या हाती दिला आणि तिने घेतला. पोरे भाषणाला उभी राहीनात. दीक्षाला नवे गुरुजी म्हणाले, "तू हुशार आहेस ना, बोल काहीतरी."

दीक्षा उभी राहिली. भाषण तिने केले नाही. "बाई, तुमची बदली झाली का केली?"

 आप्पा जमिनीकडे बघत होते.

"केली," हर्षदा म्हणाली. "पण मी जातेय ती ताठ मानेनं जातेय. तेही लक्षात ठेव."

दीक्षा खाली बसली आणि बेंचवर डोके टेकून रडली. तिला कोणी गप्प केले नाही.

पाणंद काही मोकळी झाली नाही. मोजणीचा अर्ज वस्तीने दिला आणि तो अजून तसाच आहे. पण आप्पांनी तार पुन्हा बांधली नाही. उसाची तोडणी झाल्यावर पुढच्या लावणीत त्यांनी मधल्या दोन सऱ्या मोकळ्या सोडल्या. बैलगाडी जाणार नाही, माणूस जाईल एवढ्या. आपण हे का केले, याबद्दल ते कोणाशी बोलले नाहीत. अनसाबाईनेही त्यांचे आभार मानले नाहीत.

भांडगावच्या शाळेत मुख्याध्यापकांनी हर्षदाला पहिल्या दिवशी वर्ग दाखवला, पोरांची ओळख करून दिली आणि कपाटाची चावी दिली. तिचे नाव तिच्या आधीच तिथे पोचले होते. ते जरा संकोचून म्हणाले, "इथं तसं काही वादाचं नाही, मॅडम. शांत शाळा आहे. वाचनाचे उतारे कपाटात छापीलच आहेत."

"घेईन की," ती म्हणाली. "पोरं येतात कुठून?"

"निम्मी इथलीच. निम्मी हायवेच्या पलीकडची. वीटभट्टीवरची, ऊसतोडीवरची. कोणी मराठी, कोणी हिंदी."

संध्याकाळी शाळा सुटली तशी ती पलीकडच्या पोरांबरोबर निघाली. सोलापूर रस्त्याच्या कडेला पोरे दप्तरे सावरत ओळीने उभी राहिली. ही त्यांची रोजची सवय होती. कंटेनर, ट्रक, गाड्या, कोणी वेग कमी करत नव्हते. पोरांच्या अंगावर धूळ उडत होती आणि ती ओठ मिटून गाड्यांमधल्या फटीची वाट बघत होती.

हर्षदाने सर्वांत लहान मुलीचा हात धरला. दुसऱ्या हाताचा पंजा येणाऱ्या ट्रकसमोर उभा धरला आणि डांबरावर पाऊल टाकले.