खांड बुजवायचा व्हिडिओ

खाडीच्या बांधाला खांड पडली आणि पोकलेन त्या मऊ बांधावर चढेना. उधाणाआधी भगदाड बुजलं नाही, तर मागची सगळी भातशेती खारवणार होती. हातानं खांड बुजवणारे आमचे मालक, पोरांचे बाबा जनू, शेवटचे. तेही वारले. आम्ही बायका मागून चिखल पोचवायचो. खांडीच्या तोंडाशी ते काय करत, ते कधी दिसलं नाही.

माझ्या मुलानं, प्रविणनं, जुन्या मोबाइलवर त्यांचं ते काम टिपलं होतं. पण चित्र एवढंसं. मी वडखळहून एसटी धरली आणि रोह्याला लेकीकडे गेले. नमिता तिथं दुकानात लग्नाचे व्हिडिओ करते.

"तीन तऱ्हांनी मोठं करून बघू," ती म्हणाली.

पहिल्यात नुसते चौकोन आले. दुसरं मऊ, धुक्यातून बघावं तसं. तिसरं एआयनं केलेलं, एकदम लख्ख.

"हेच दे गो."

"बाबांच्या मिशीवर भुललीस व्हय?"

"भुलले. तुझं काय जातं?"

लख्ख चित्रात ते खांडीत दगड रचत होते. मी लगेच प्रविणला फोन केला, "दगड मागव."

नमितानं तिन्ही चित्रं शेजारी लावून हळू चालवली. "आये, थांब. दगडाचा कोपरा बघ. आता इकडं, लगेच तिकडं. दगड असा बदलतो काय? एआयला कळलं नाय, त्यानं मनानं भरलं."

"मग हातात हाय काय?"

मऊ चित्रात ती वस्तू हाताच्या दोन्ही बाजूंना लोंबत होती. त्यांनी ती ठेवली आणि टाचेनं दाबली.

"पेंढ्याची जुडी!" मी म्हटलं. "चिखलात घोळलेली."

पुन्हा फोन केला.

"ट्रॅक्टर भरलाय आये! एक काय ते ठरव."

"ठरलं. रिकामा कर, पेंढा भर. घरटी एक माणूस बोलव."

नमिता दुकान बंद करून लॅपटॉपसकट बांधावर आली. पहिला थर वाहून गेला. वरून चिखल लागला, पण जुड्या आतून कोरड्याच होत्या. चित्र पुन्हा लावलं, त्यात ते जुडी आधी पाण्यात बुडवत होते. पेंढा भिजवला, पुन्हा रचला. माणसं कुरकुरली, पण हलली नाहीत.

उधाणाचं पाणी चढलं, बांधाला टेकलं. मी आतल्या बाजूला हात लावून पाहिला. ओल होती, पाणी नव्हतं.

"अजून एक थर," मी म्हटलं.