चांदीची रेघ

आमच्या घरात शेवटचा शब्द माझा. हे मी सांगत नाही, माझा मुलगा हृषीकेश सांगतो, आणि सांगताना तोंड कारलं खाल्ल्यासारखं करतो. म्हणून तर परवा सकाळी पोह्यांच्या बशा घेऊन तो आणि त्याची लेक प्राची माझ्यासमोर येऊन बसले.

"आई, तू प्राचीला नाही म्हण. खाणीत नोकरी म्हणे, उदयपूरच्या पुढं, जमिनीच्या पोटात. इथं जवळ, राऊ गावच्या कॉलेजात शिकवायला बोलावताहेत, ते हिला नको. मेरी तो सुनती ही नहीं."

"तुझं कोण ऐकतं? सियागंजातल्या दुकानातले हमालसुद्धा ऐकत नाहीत."

प्राची हसली. मी बघितल्यावर बशीत मान घातली.

खाण तीच, यांची नोकरी होती ती. लग्न होऊन मी इंदूरहून थेट तिथल्या कॉलनीत गेले होते. हे खाली उतरून दगडाचे नमुने गोळा करायचे आणि जेवायला बसले की मला खालचं सांगायचे. पांढुरका खडक, त्यात काळ्या चकचकीत रेघा. ते शिसं, आणि चांदी त्या शिशात मिसळलेली. फार जुन्या काळी, सुरुंगाची दारू नव्हती तेव्हा, लोकांनी खडकाला लाकडं लावून आग घातली, तापला की पाणी मारलं, तडकला की छिन्नीनं काढला. तसं खणून खणून एक दालन झालं होतं, देवळाच्या सभामंडपाएवढं. छताला त्या आगीची काजळी अजून तशीच, कोपऱ्यात सागाची शिडी, पायऱ्या झिजलेल्या. त्या शिडीबद्दल हे असं बोलायचे की मला सवतीसारखा राग यायचा.

एकदा मला त्या काळ्या धातूचा खडा आणून दिला. यात चांदी आहे म्हणाले. मी देव्हाऱ्यात ठेवला आणि चिंच लावून घासत राहिले, आज पांढरा होईल, उद्या होईल. यांनी बघितलं तेव्हा पोट धरून हसले. "अगं, भट्टीत शिसं जळून गेलं की मागं उरते ती चांदी. घासून नाही निघत."

"मग आणलात कशाला?"

"तुला खाली नेता येत नाही म्हणून."

नाहीच यायचं नेता. बाईला खाली उतरायला कायद्यानं बंदी, आणि वर कामगार म्हणायचे, बाई उतरली तर डोंगराची देवी रुसते. देवी बाईच ना रे, मग बाईवर कशाला रुसेल, असं मी मुकादमाला तोंडावर विचारलं. तो मिशीत हसला. पूजेच्या दिवशी आम्ही बायका नारळ घेऊन खाणीच्या वाटेवरच्या कडुनिंबापर्यंत जायचो. तिथं नारळ पुरुषांच्या हातात द्यायचा आणि मागं फिरायचं. पुढं खाणीचं तोंड, आत काळोख. वर्षानुवर्षं मी तेवढंच बघितलं. मग रिटायर होऊन इंदूरला आलो, आणि हे गेले.

आता सरकारनं शिकलेल्या मुलींना खाली कामाला मोकळीक दिली आहे. प्राचीचं ऐकल्यापासून माझ्या मनात एकच. ती ते दालन बघेल आणि मला येऊन सांगेल. हृषीकेशला हे कशाला सांगायचं? त्याला दुकानात पिटाळलं आणि पोरीला विचारलं, "त्या शिडीपाशी जाशील ना?"

होकार कशावर अडलाय ते तिला कळलं असणार. तिनं बशी खाली ठेवली.

"नाही आजी. इंटरव्ह्यूला गेले तेव्हा विचारलं होतं मी. जुना भाग पाण्यात गेलाय, तोंड बंद केलंय. आता तिथं कुणीच जात नाही."

मी पोह्यांवरची शेव बोटानं इकडून तिकडं करत बसले. खोटं बोलली असती तर मला कुठं कळणार होतं?

"मग तू तिथं जाऊन काय उजेड पाडणार?"

तिनं माझा पदर ओढून घेतला, त्याच्या घड्या पाडल्या आणि माझ्या मांडीवर उभ्या धरल्या. "हे बघ, खडकाचे थर असे दुमडलेत. चांदीची रेघ त्या घडीबरोबर वळून खाली जाते. जुन्या लोकांना पाणी लागलं, ते इथं थांबले. आजोबांच्या वेळचे इथवर गेले. मी त्याच्याही खाली असेन. रेघ तीच."

मी त्या घडीवरून बोट फिरवत खाली नेलं. हे इतकी वर्षं सांगायचे, पण असं कुणी माझ्या हातात दिलं नव्हतं.

संध्याकाळी हृषीकेशला म्हटलं, "जाऊ दे तिला."

"आई, तू पण?"

"मी पण नाही, मीच."

"आणि काही झालं तर?"

"तुझ्या वडिलांना खाली काही झालं नाही. गेले ते इथं, पलंगावर."

तो उठून हात धुवायला गेला.

निघायच्या आदल्या दिवशी सूनबाई विनीता बॅग भरत होती. मी प्राचीला म्हटलं, "पहिल्या सुट्टीला येशील तेव्हा खाली घातलेला एक शर्ट न धुता आण."

"आजी, घाण असेल. धूळ, बारूदचा वास."

"ठाऊक आहे. तुझ्या आजोबांचे कपडे मीच धुवायचे. हाही मी धुईन."

"मशीन आहे ना आई," विनीता म्हणाली.

"मशीन तुझ्या नवऱ्याच्या कपड्यांना ठेव."

मग मी स्वयंपाकघरातून एक जाड प्लास्टिकची पिशवी शोधून आणली, गाठ मारली की वास बाहेर जाणार नाही अशी, आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवली.