गोचिडी आपोआप गळतात तेव्हा

सकाळी सहालाच तात्यांच्या गोठ्यात बघ्यांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. काल संध्याकाळी मंतरलेले दोरे देणाऱ्या बाबांनी त्यांच्या एका गाईच्या गळ्यात काळा दोरा बांधला होता, आणि आज तिच्याखाली टपोऱ्या गोचिडी वाटाण्यांसारख्या विखुरल्या होत्या.

"सुई नाही, औषध नाही," बाबा सांगत होते. "गोचीड म्हणजे रक्ताला लागलेली नजर. दोऱ्यात अडकते नि खाली पडते. पडलेलीला हात लावायचा नाही, एकवीस दिवस केर काढायचा नाही."

जनावरांच्या डॉक्टरीणबाई लशीची पेटी घेऊन दारात उभ्या होत्या. गोचिडीवरच्या या नव्या लशीच्या चाचणीत त्यांची तीन वर्षं गेली होती. चाळीस गाईंना पहिला डोस देऊन झाला होता. दुसरा आज-उद्यात चुकला, तर सगळंच पाण्यात.

"तुमच्या सुईला महिना झाला बाई, गोचिडी तशाच," तात्या म्हणाले. गोचीडतापाने त्यांची कालवड गेली होती, तेव्हापासून ते कुणाच्याही मागे जायला तयार होते. "आता सुया पुरे."

वाद घालायचाही बाईंना कंटाळा आला होता. "बाबा, आज मी सांगते त्या गाईला दोरा बांधा."

"गाय मीच निवडतो. दोरा तिला मानवावा लागतो."

"तुम्ही शेपटीखालच्या गोचिडी चाचपून निवडता, तेही पाहिलंय मी."

चारचौघांत बाबांना माघार घेता येईना. बाईंनी दाखवलेल्या तांबड्या गाईला त्यांनी दोरा बांधला. तिच्या गोचिडी अजून बारीक, चपट्या होत्या. शेजारच्या काळीच्या टम्म फुगलेल्या होत्या, पण तिला दोरा नव्हता. गोठ्याला कुलूप तात्यांनीच लावलं.

दुसऱ्या दिवशी काळीखाली सतरा गोचिडी पडल्या होत्या. तांबडीखाली एकही नाही. बाबांना पहाटेच कुठून तरी तातडीचं बोलावणं आलं होतं म्हणे.

"रक्त पिऊन पोट भरलं की ती आपणच गळते, बहुतेक सकाळच्या सुमाराला," बाई म्हणाल्या. "मग फटीत शिरून दोन-तीन हजार अंडी घालते. केर काढला नाही की पिल्लं सुखाने निघतात, आणि तुम्ही पुन्हा बाबांना बोलावता."

तात्या खाली बसले. "माझी कालवड या गोचिडीनेच नेली. आणि मी हिलाच गोठ्यात पाळत होतो." त्यांना स्वतःचीच लाज वाटली. "पण मग तुमच्या लशीने का नाही पडत?"

"लस गोचीड पाडत नाही. लशीमुळे गाईच्या रक्तात जे तयार होतं ते गोचिडीच्या पोटात जातं, आतडं बिघडवतं, अंडी कमी होतात. दिसायला महिने लागतात. कदाचित लस फसेलही."

"फसेल?"

"हो. म्हणून तर दर आठवड्याला मोजते. फसली तर मीच येऊन सांगेन. दोरा फसला असं बाबा कधी म्हणाले? माझ्यावरही विश्वास ठेवू नका, तात्या. तुम्हीही मोजा."

तात्यांनी आधी गोठा झाडला, पडलेल्या गोचिडी जाळल्या. मग गाईची मान धरून म्हणाले, "टोचा. आणि मोजायचं कसं, तेवढं दाखवा."